घंटा झाल्यावर

सभेच्या दारात हाती पडलेलं पत्रक वाचताना, त्यात ज्याला शत्रू म्हणून छापलं आहे त्या माणसाच्या घरी जाऊन त्याला एकदा डोळ्यांनी पाहावं, असं तुमच्या मनात कधी आलं आहे का?

मला जायची गरज नव्हती. मी त्याच्याच घरात राहत होतो. त्याच्या बहिणीच्या हातची भाकरी खात होतो. आणि ते पत्रक मीच लिहिलं होतं.

अकोल्याला आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील गिरणीत होते. संपाची, सभेची, निषेधाची, जी मिळतील ती पत्रकं ते घडी करून एका पत्र्याच्या पेटीत ठेवत. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. ‘बंधूंनो’ हा मला अनुस्वारांसकट वाचता आलेला पहिला शब्द. छापलेलं ते खरं, आणि मोठ्या ठशात छापलेलं ते जास्त खरं, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पुढे अमरावतीला एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली आणि सरांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं मिळाली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि माझं कधीच चुकत नसे.

सर एका शाळेत गणित शिकवत. उंच, वाळलेले, मे महिन्यातसुद्धा अंगात कोट. त्या कोटाला शिंप्याकडून जास्तीचे खिसे लावून घेतले होते. पेन्सिल दोऱ्यानं गुंडीला बांधलेली. खिशांत चिठ्ठ्यांच्या आकाराचे कापलेले कागद. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू ते जपून ठेवत, आणि मी आल्यापासून माझी पत्रकंही.

“तुझं लिखाण मला फार उपयोगी पडते,” ते म्हणाले होते. मी फुललो. मग म्हणाले, “एका बाजूनं कोरं असते ना.”

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. कुणी हाक मारली की ते आधी म्हणत, “थांब.” पेन्सिल घेत, चिठ्ठीवर एक ओळ लिहीत, ती वरच्या खिशात ठेवत, आणि मग म्हणत, “बोल.” हाती काय होतं, कुठवर आलं होतं, एवढंच त्या ओळीत असे. पेपर वाचत असले तर बातमी आणि ओळ. जेवत असले तर ‘दुसरी भाकरी, अर्धी’. वर्गात हेडमास्तरांचा शिपाई आला तरी तेच. काम झालं की चिठ्ठी काढून वाचत आणि जिथं सोडलं तिथूनच पुढे सुरू करत. अर्ध्यावर राहिलेलं वाक्यसुद्धा मधल्या शब्दापासून.

एकदा त्यांची थोरली बहीण माई न्हाणीतून ओरडली, “अरे, इच्चू! इच्चू निंगाला!”

“थांब,” सर म्हणाले आणि लिहू लागले.

“मले काय सांगतं थांब म्हून? त्या इच्चवाले सांग!”

विंचू त्यांनी मारला. पण चिठ्ठी आधी लिहिली.

माई विधवा होत्या, भावापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि घरात आवाज त्यांचाच. सर शिक्षणासाठी आणि पुढे नोकरीसाठी बरीच वर्षं बाहेर राहिले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात वऱ्हाडी अधूनमधून डोकावे. माईंच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतंच.

बाहेरची नोकरी म्हणजे मुंबईची. तिथल्या एका संशोधनाच्या संस्थेत गणितं करणारं विजेचं मोठं यंत्र होतं, खोलीभर. सर त्या यंत्रासाठी सूचना लिहीत. यंत्राला एका वेळी अनेकांची कामं येत. कुणाचं आधी घ्यायचं, कुणाचं मधेच थांबवायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवणाऱ्या सूचनांचा एक मूळ संच असे. सर त्याला ‘कारभारी’ म्हणत. यंत्र मालक, बाकीची कामं गडीमाणसं आणि त्यांच्या मधला कारभारी. तो संच लिहिणाऱ्या चार-पाच जणांत सर होते. माईंचे यजमान गेले तेव्हा ते सगळं सोडून अमरावतीला आले आणि शाळेत लागले.

मी राहायला गेलो त्या सुमारास संस्थेनं नवं यंत्र मागवलं होतं. त्याची रचनाच वेगळी. जुना कारभारी त्याच्यावर चालेना. संस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यानं सरांना लिहिलं, ‘कारभाऱ्याला नव्या यंत्राचं करून द्याल का?’ सोबत नव्या यंत्राचं जाडजूड माहितीपुस्तक आलं. सरांनी ते पोथीच्या लाकडी घोडीवर ठेवलं. ते यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. यंत्र मुंबईत बसायचं होतं आणि हे अमरावतीत वहीवर लिहीत होते. खंडेनवमीला माईंनी विळी, पाटा-वरवंटा यांच्या रांगेत ते पुस्तकही मांडलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

“माई, हे हत्यार नाही, पुस्तक आहे.”

“तू याच्यानंच काम करतं ना? मंग हत्यारच हाय.”

सर त्यावर बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “बरोबर आहे.”

मी त्यांना विचारलं होतं, यंत्र बदललं म्हणून सूचना बदलायला वर्ष कशाला लागतं? त्याच आठवड्यात माईंनी स्वयंपाकघर मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं होतं, कारण मागे धूर कोंडत होता. सर म्हणाले, “माईला पाहत राहा.” मी पाहिलं. पंधरा दिवस माई मिठासाठी उजवीकडे हात टाकत आणि तिथं भिंत असे. पाण्याला निघत आणि रिकाम्या खोलीत जाऊन उभ्या राहत.

“माई स्वयंपाक विसरली का?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मीठ कुठं आहे एवढंच नवीन शिकून राहिली. माझं काम तेच आहे. कारभारी तोच, घर नवीन. फक्त त्या घरात जिथं जिथं हात टाकतो, ती प्रत्येक जागा पाहून पुन्हा लिहावी लागते. एक जरी राहिली तरी हात भिंतीवर.”

जुन्या यंत्राला, त्यांच्या भाषेत, एक हात होता. एका वेळी एक आकडा धरणारा. नव्याला आठ. “एका हातावर वाढलेल्या माणसाला आठ हात दिले तर तो एकानंच जेवतो आणि सात कुशीत घालून बसतो,” ते म्हणत. शिवाय जुनं यंत्र मधेच बोलावणं आलं तर आपण कुठं होतो त्याची खूण स्वतःच ठेवत असे. नवं ठेवत नव्हतं. ते कारभाऱ्यानंच ठेवायचं. आठही हातांतलं सामान खाली ठेवायचं, कुठं ठेवलं ते लिहायचं, आलेलं काम करायचं आणि परत येऊन प्रत्येक हातात ज्याचं त्याला द्यायचं. सरांच्या सात वह्या झाल्या. सातवी पूर्ण या एकाच गोष्टीवर होती.

“काम करणं अवघड नसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “कामातून उठून परत येणं अवघड असते.”

यंत्र नाही तर लिहिलेलं बरोबर आहे की नाही कसं कळणार? त्यासाठी रविवार होता. रविवारी दुपारी ओसरीवर आठ माणसं ओळीनं बसत. गल्लीतले वानखडे, काळे, तायडे हे तिघं शहरातल्या एका मोठ्या कचेरीतले कारकून. आणखी चार शेजारी. आणि शेवटी माई. हे आठ हात. प्रत्येकाच्या हातात आकडा लिहिलेली चिठ्ठी. सर वहीतून एकेक ओळ वाचत. “काळे, तुमच्यातलं तायडेला द्या.” “वानखडे, एक वाढवा.” जो कुणी “पण मास्तर, कावून?” विचारी, त्याला सांगत, “तुम्ही हात आहात. हातानं विचारायचं नाही.”

वानखडे धिप्पाड आणि विनोदी. “मास्तर, कचेरीत बी हेच करतो न् इथी बी हेच. तठी निदान पंखा हाय!” तरी तो एकही रविवार चुकवत नसे, कारण शेवटी माईंचा कच्चा चिवडा मिळे, कांदा आणि कच्चं तेल घातलेला.

मला हात करायची सरांची तयारी नव्हती. म्हणाले, “तुला विचार केल्याशिवाय राहवत नाही. तू घंटा.” देवातली पितळी घंटा माझ्या हातात दिली. ती म्हणजे मधेच आलेलं बोलावणं, मन होईल तेव्हा वाजवायची. मग सर सातवी वही उघडत. पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिलेलं असे, ‘घंटा झाल्यावर’. खाली ओळी :

वानखडे रिकामा करा.
काळे रिकामा करा.
तायडे रिकामा करा.

अशी आठ नावं. आठवी ओळ, ‘माई रिकामी करा.’ मग, ‘सर्व जागा कारभाऱ्याकडे.’

दर रविवारी कुठंतरी गोंधळ होई. घंटेनंतर परत येताना कुणाच्या तरी हाती भलताच आकडा. माई चिडून म्हणत, “माह्यापाशी सात होता! ह्यो नऊ कोनाचा देल्ला मले?” सर डोकं धरून बसत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. मी मुद्दाम वाईट वेळी घंटा वाजवत असे आणि त्यांना तेच हवं असे.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगतो आहे, कारण मला ते माहीत होतं. त्या ओळींचा अर्थ त्या शहरात ज्या दहा माणसांना ठाऊक होता, त्यातला मी एक होतो.

त्या वर्षी कचेऱ्यांमध्ये यंत्रं येणार अशी हवा होती. कारकुनांची संघटना सभा घेत होती आणि तिची पत्रकं मी लिहीत होतो. ती लढाई खोटी नव्हती. आजही मी तसंच म्हणतो. यंत्र आलं तर माणसांचं काय होणार, हा प्रश्न ज्यानं यंत्र आणलं त्यानं आधी सोडवला पाहिजे. सरांशी मी यावर तासन्‌तास भांडलो आहे.

“तुमचं यंत्र उद्या वानखड्यांच्या खुर्चीवर येऊन बसेल.”

“माझं नाही बसणार. ते पाऊसपाण्याची आणि ताऱ्यांची गणितं करते. पण त्याचं भावंड बसेल.”

“मग?”

“मग काय होईल ते मला माहीत नाही. तू म्हणतो ते चूक आहे असं मी म्हणत नाही. लिही त्यावर. खरं ते लिही.”

मला हरवायला समोर कुणी तरी हवं होतं आणि हा माणूस हरत नव्हता, भांडतही नव्हता. त्याचा मला राग येई.

सभांना लोक जमेनात. संघटनेचे सेक्रेटरी छापखान्यात आले आणि माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, “तुमची भाषा झकास आहे हो. पण भाषेनं कोणी घरून निघत नाही. पुरावा पाहिजे. नावानिशी. माझं नाव यादीत आहे म्हटलं की माणूस जेवण सोडून येते.”

नावानिशी, हा शब्द डोक्यात घेऊन मी दुपारी घरी गेलो. सर शाळेत होते. घोडीवर माहितीपुस्तक आणि शेजारी सातवी वही उघडी. माईंनी मला चहा दिला आणि डाळ पाखडायला अंगणात गेल्या. मी ते पान उतरवून घेतलं.

माझी चूक झाली असं मी म्हणू शकलो असतो तर बरं झालं असतं. गैरसमज झाला, घाईत वाचलं, उत्साहात वाहून गेलो. तसं नाही. मी उतरवताना एक शब्दही बदलला नाही, आणि पुढे कित्येक दिवस हाच माझा मनातल्या मनात बचाव होता. मी फक्त दोन ओळी गाळल्या. माथ्यावरची, ‘घंटा झाल्यावर’. आणि आठवी, ‘माई रिकामी करा’. माईंची ओळ ठेवली असती तर वाचणाऱ्यांना शंका आली असती. म्हणजे कुठली ओळ काय करते, हे मला सरांइतकंच कळत होतं.

पत्रकाचा मथळा मी सगळ्यात मोठ्या ठशात लावला. ‘हा पाहा कटाचा पुरावा!’ खाली, यंत्र आणणाऱ्यांचा हस्तक आपल्याच शहरात, आपल्याच गल्लीत, शिक्षकाच्या वेषात बसला आहे. त्याच्या वहीत कोणाकोणाला कामावरून रिकामं करायचं त्यांची यादी आहे. जागा कोणा कारभाऱ्याला देणार तेही त्यात आहे. मग सात नावं. सरांचं नाव छापलं नव्हतं. गल्ली छापली होती. ते पुरेसं होतं.

वानखडे त्या वेळी आईला घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला गेला होता. तो असता तर पत्रक वाटलं जाण्याआधीच हसून हसून त्यानं ते बुडवलं असतं. काळे आणि तायडे यांनी वाचलं, तेव्हा ते गप्प राहिले. त्यांना रविवार माहीत होता. पण छापलेलं नाव पाहिल्यावर रविवारवरचा त्यांचा विश्वास डळमळला. काळे मला हळूच म्हणाला, “भाऊ, मास्तर आपल्यावरच कावून प्रयोग करून राहिले होते, मले आत्ता समजलं.” मी मान हलवली. दोन ओळी गाळून मी एका माणसाची आठवणसुद्धा बदलून टाकली होती.

शनिवारी संध्याकाळी सभा झाली आणि सभेतून चाळीसेक माणसं थेट गल्लीत आली. अजून ऊन होतं. मी त्यांच्या मागे, कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्याशी, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काखेत धरून उभा राहिलो. सर आवाज ऐकून दारात आले. हातात सातवी वही, बोट पानात.

“मास्तर, यादी काढा बाहेर!”

“थांबा,” सर म्हणाले.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चौकटीवर टेकवली आणि लिहू लागले. चाळीस माणसं एक क्षण खरंच थांबली. मग कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले. “पाहा, पाहा, आणखी एक नाव लिहून राहिला!” आणि त्या हसण्यातच ढकलाढकली सुरू झाली. सरांना कुणी मारलं नाही. त्यांना बाजूला केलं, खुर्ची सरकवावी तसं. आत जाऊन घोडी उलटवली. सहा वह्या अंगणात आल्या, सातवी त्यांच्या हातातून ओढली गेली. वरच्या खिशात नुकतीच ठेवलेली चिठ्ठी उडाली.

माई ओसरीवर आल्या. त्यांनी गर्दीच्या डोक्यांवरून मला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांना वाटलं, सुटलो.

“अरे, तू तठी काहून उभा हायेस? ये ना समोर! तुले तं सारं माईत हाय. सांग ना याइले! रविवारचं सांग!”

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. एक वाक्य पुरलं असतं. ‘मी घंटा होतो.’ इतकंच. मी काखेतला गठ्ठा घट्ट धरला आणि खाली पाहिलं. माईंनी माझी काख पाहिली असावी. त्या पाठ फिरवून आत गेल्या.

लोक गेल्यावर सहा वह्या गटारात आणि दगडांवर सापडल्या; ओल्या, पण वाचण्यासारख्या. सातवी नव्हती. सर अंधार पडेपर्यंत गल्ली शोधत होते. मी माझ्या खोलीत दार लावून बसलो. ती चिठ्ठी माझ्या मुठीत होती. ठेल्यापर्यंत वाऱ्यानं आली होती. माझ्याच एका जुन्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली.

चार दिवसांनी वानखडे परतला आणि छापखान्यात शिरून त्यानं मला गचांडीला धरलं. “माह्यं नाव टाकलं तू? मले इचारलं? अबे, मी हात होतो, हात! तुले नव्हतं माईत?” सेक्रेटरी मधे पडले. वानखडे म्हणाला, “माह्या पोटाची काळजी तू नको करू, बाप्पा. त्या मानसाले तू कोनच्या तोंडानं पाह्यशीन, त्याची कर.” मग तो स्वतः आठवडाभर, कचेरी सुटल्यावर, घरोघर सातवी वही विचारत फिरला. कुणी कबूल झालं नाही.

शाळेच्या चालकांनी सरांना काही दिवस रजेवर राहायला सांगितलं. त्यांनी राजीनामाच दिला. सहा वह्या वाळवून, इस्त्री फिरवून मुंबईला पाठवल्या आणि कळवलं की सातवी हरवली आहे. खरं म्हणजे त्या महिन्यात ते बडनेऱ्याहून गाडीनं मुंबईला जाणार होते. नव्या यंत्रात आपला कारभारी पहिल्यांदा बसलेला पाहायला. माईंनी त्यांचा कोट धुवून ठेवला होता. ते गेले नाहीत. दोघं अकोल्याला माईंच्या मुलाकडे राहायला गेले. निघताना सरांनी मला विचारलं, “तुला दुसरी खोली मिळाली का?” मी म्हणालो, मिळाली. मिळाली नव्हती.

पत्रकं मी त्यानंतरही लिहिली. ती चांगली नव्हती. प्रत्येक वाक्याशी येऊन मला वाटे, इथं कुठली ओळ गाळली आहे?

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी अकोल्याला घरी गेलो होतो. तिथून त्यांचं घर चालत वीस मिनिटांवर. दोन वर्षांत ती वीस मिनिटं मला चालवली नव्हती. दार माईंनी उघडलं. मला पाहून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. मी पाणी प्यालो.

सर खाटेवर बसून नातवाच्या पाटीवर रेघा आखत होते. मी म्हणालो, “सर.”

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. “बोल,” ते म्हणाले.

थांब नाही. चिठ्ठी नाही. हात खिशाकडे गेला नाही. कोटच अंगात नव्हता. सोडून उठावं आणि परत यावं असं काही त्या माणसाजवळ उरलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. दोन ओळींचं आणि ठेल्याचं. ते ऐकत राहिले. संपल्यावर उठले, फडताळातून माझं ते पत्रक काढलं आणि माझ्यापुढे पसरलं. मला वाटलं, आता ते मला वाचायला लावणार. पण पत्रकावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. नावांच्या वर, बारीक अक्षरात, ‘घंटा झाल्यावर’. सातव्या नावाखाली, ‘माई रिकामी करा’. आणि तिसऱ्या ओळीतल्या तायडेभोवती गोल करून एक बाण सगळ्यात वर नेला होता.

“वहीतलं हे एकच पान राहिलं,” ते म्हणाले. “तू छापलं म्हणून राहिलं. ठशात स्वच्छ दिसते. माझ्या अक्षरात दिसत नव्हतं. हे पाहा, परत कुठं यायचं ती चिठ्ठी तायडेच्या हातात असते. मी त्याला तिसरा रिकामा करत होतो. तोवर ती दुसऱ्याच कामात वापरली जात होती. तायडे पहिला पाहिजे. म्हणूनच माईला दर वेळी नऊ येत होता.”

“मी तवाच म्हनत होती,” आतून माईंचा आवाज आला.

त्या घरात मी आल्यापासूनचं ते माईंचं पहिलं वाक्य. माझ्याशी नव्हतं.

मुंबईहून सहकाऱ्याचं पत्र आलं आहे, असं सर म्हणाले. संस्थेनं वाट पाहून ‘घंटा’ दुसऱ्याकडून लिहून घेतली. ती चालते, पण घंटेला उत्तर देऊन परत येताना यंत्र अधूनमधून वाट चुकतं आणि तासन्‌तासांचं काम वाया जातं. सहकाऱ्यानं विचारलं होतं, ‘तुमची वही सापडली का?’

“पुन्हा लिहिता नाही येणार?”

“हे पान येईल. पुढची चाळीस पानं? त्यात प्रत्येक जागेवर हात टाकून पाहिलेला आहे. तेव्हा एक वर्ष लागलं. आता शाळाही नाही, रविवारही नाही. आठ माणसं कोण देईल मला इथं?”

मी खिशातून चिठ्ठी काढली. दोन वर्षांत तिच्या घड्या विरल्या होत्या. त्यांनी ती उजेडाकडे धरून वाचली. ‘वही सात, पान एक्केचाळीस, ओळ बारा. तायडेपाशी अडलं आहे.’

“ही तुझ्याजवळ होती?”

“हो.”

“दोन वर्षं?”

त्यांनी सदऱ्याला वरचा खिसा आहे का ते चाचपून पाहिलं. होता. चिठ्ठी त्यात ठेवली. मग माझ्याकडे पाहून, शिक्षक नापास मुलाला पुन्हा पाटी देतो त्या आवाजात म्हणाले, “वही शोध.”

म्हणून हे लिहितो आहे. माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं त्याचा प्रश्न नाही. ते वाटायलाच हवं. पण त्या शनिवारच्या चाळीस माणसांतला कुणी हे वाचत असेल, किंवा ज्याच्या घरात, फळीवर, पेटीत, रद्दीत एक जाड पुठ्ठ्याची निळी वही पडून असेल, वर पेन्सिलीनं सात आकडा काढलेला आणि आत शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं, त्यानं ती वाचून पाहावी. त्यात कुणालाही कामावरून काढलेलं नाही. अमरावतीत वानखड्यांकडे नेऊन द्या. तो ती घेऊन त्याच दिवशी अकोल्याला जाईल. कुणी दिली, ते तो विचारणार नाही. आणि एक्केचाळिसाव्या पानानंतरची पानं कोरी आहेत म्हणून ती हिशेबाला, चिवड्याच्या पुड्यांना वापरली जात असतील, तर आजपासून फाडू नका. ती त्यांना लागणार आहेत.